जबरदस्ती जमली तरी

४ मार्च
ठकीच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा सोमवारी. जेवताना लेकीनं पुन्हा समजावलं. तिचा तो जुना तत्त्वज्ञ म्हणतो — श्रद्धा मनात असते, तिथे चाबूक पोचत नाही. म्हणून राजानं कुणावर धर्म लादू नये. बहुतेक अभ्यासक एवढंच धरतात — जबरदस्तीचा उपयोग नाही, म्हणून ती करू नये.

"आणि उपयोग झाला तर?" मी सहज विचारलं.

ठकी जेवता जेवता थांबली. "बाबा, अख्खा प्रबंध त्याच प्रश्नावर आहे."

मग काय, दोन घास जास्त गेले!

५ मार्च
दुकानात लक्ष नाही. एकाचा चष्मा दुसऱ्याच गिऱ्हाइकाला दिला. नशीब, तो हसला.

७ मार्च
मी आणि ही मागच्या बाकावर. बाहेरून आलेले परीक्षक पांढऱ्या दाढीचे, आवाज खणखणीत. म्हणाले, "जबरदस्तीनं श्रद्धा बदलते. लगेच नाही. पण पुस्तकं बदला, शाळा बदला — नातवंडांपर्यंत बदलतेच. मग तुमच्या तत्त्वज्ञाचा मुद्दा निकालात निघाला."

हिनं माझं मनगट घट्ट धरलं.

ठकी शांतपणे म्हणाली, "बदलते, सर. मान्य. पण त्याचा तो एकच मुद्दा नाही. पुढे तो म्हणतो, स्वतःच्या मुक्तीची काळजी माणूस दुसऱ्याच्या हवाली करूच शकत नाही. म्हणजे जबरदस्ती जमली, तरी तो हक्क राजाला मिळत नाही. आपण पहिलाच मुद्दा वाचून थांबलो."

परीक्षकांनी समोरचे कागद मिटले. "मीही थांबलो होतो," म्हणाले.

ऊर भरून आला. हिला म्हटलं, बघ. ती म्हणाली, बघतेच आहे.

८ मार्च
गल्लीत सगळ्यांना सांगून झालं. ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही.

१३ मार्च
सकाळी आम्ही तिघं प्रार्थनेला निघालो, तर ठकी दारातच थांबली. "बाबा, मी आजपासून पुलापलीकडच्या प्रार्थनागृहात जाणार. त्यांचा धर्म घेतेय. लग्नबिग्न नाही — पटलाय."

ही खुर्चीत बसली, आज येत नाही म्हणाली. माझ्या घरात हे चालणार नाही — अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"एकटीच जातेस?"

"हो."

पुलापर्यंत सोबत गेलो. मग आमच्या प्रार्थनेला एकटाच आलो. शेजारच्यानं विचारलं, "लेक नाही आली?"

सांगितलं. खाली न बघता सांगितलं.