पोटाखालच्या पत्र्याचं झाकण

अक्युरेरी, २ मे १९७८

चि. केतिल यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या फोनची तार अजून तुटलेलीच, म्हणून पत्र. दाग्नीचे दिवस भरत आले आणि जीपचं ऑइल मात्र हिवाळ्यापासून बदललेलं नाही, हे वाचून हातातलं काम टाकून लिहायला बसले. ऑइलच्या चेंबरला दगड लागू नये म्हणून गाडीच्या पोटाखाली अखंड जाड पत्रा ठोकलास आणि आता तो उतरवायचा कंटाळा करतोस. शहाणाच आहेस! ऑइलच्या नटाखाली पत्र्याला खिडकी काप आणि बिजागरीचं झाकण लाव. आमच्या गॅरेजात मी सगळ्यांना तसंच करून देते. बायकोला त्या बिनपुलाच्या नदीपलीकडे इस्पितळात न्यायचंय, हे विसरू नकोस.

तुझ्या खुशालीकडे डोळे लावून बसलेली,
ताई हाल्वेग

होल्ट, ९ मे

ती. ताईस केतिलचा सा. न. वि. वि.

खिडकी झाली, ऑइलही बदललं. नुसतं डांबर निघालं! झाकण आपल्या मेंढरं निवडायच्या फाटकासारखं केलंय, बिजागरी मागच्या अंगाला आणि मोकळी कड पुढे. दाग्नी विचारते, जीपला दार झालं, आता पाळण्याला मुहूर्त कधी? बर्फ वितळून नदी रोज फुगतेय. मला फार भीती वाटते ताई, पण तिच्यासमोर शिट्टी वाजवत हिंडतो.

माया आहेच, ती वाढती असू दे.
तुझा केतिल

अक्युरेरी, १३ मे

केतिल, आशीर्वाद वगैरे नंतर. मोकळी कड पुढे? अरे, मेंढरू फाटक बघून वळतं, दगड वळत नाही! नदीत धोंडा त्या कडेत शिरला की झाकण खाली उघडेल आणि फावड्यासारखं रुतेल. बिजागरी पुढच्या अंगाला घे, आजच्या आज. कुठली बाजू ते मी लिहिलंच नाही, काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुमच्याकडे येणाऱ्या दूधवाल्याच्या लॉरीतून हे धाडतेय. तोवर गाडी पाण्यात घालू नकोस, तुला माझी शपथ.

ताई

इस्पितळातून, २४ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, पण नदीच्या पलीकडच्या काठावर. त्या दिवशी दाग्नीच्या कळा पहाटेच सुरू झाल्या होत्या. मधोमध गेलो आणि झाकणात धोंडा अडकून गाडी खिळली. पाणी सीटपर्यंत चढलं. दाग्नीने दोन्ही हातांनी पोट धरलं आणि पाय सीटवर घेतले. समोरच्या काठावर दूधवाला होता म्हणून वाचलो. त्याने दोर टाकून आम्हाला ओढून काढलं, दाग्नीला घोंगडीत गुंडाळून लॉरीत चढवलं आणि मग खिशातून तुझं पत्र काढून माझ्या हातात दिलं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. जीपही नदीतून निघून दुरुस्त झाली, बिजागरी पुढे आली. डॉक्टर म्हणतात, घरी न्या. मी रोज गाडीत नवी खोट काढतो आणि इथेच राहतो. वाटलं, कुणाला कळत नाही. काल दाग्नी म्हणाली, पुरे झाली सोंगं, मलाही त्या नदीकडे बघवत नाही.

ताई, तू ये. गाडी तू चालव. मी मागे दोघींना धरून बसतो.

तुझी वाट पाहणारा,
केतिल