काळा पडदा की तुझी चित्रं

चिरंजीव धाकट्या बंधुराजांस,

थोरल्या बहिणीचे पाठभर आशीर्वाद. पाठ कशी आहे? (खुर्चीत दुमडून बसतोस, दुखणारच.) माझं विचारशील तर कालपासून मी हबकलेली आहे, आणि या वयात हबकणं बरं नव्हे.

आमच्या ग्रंथालयाच्या संगणकासाठी तू चित्रं दाबून चालणारा प्रोग्राम केलास. जुना, टाइप करायचा काळा पडदा ठेवायचा की तुझी चित्रं, हे देवघेवीच्या टेबलावरून मी सही करून कळवायचं होतं. (तीन महिन्यांनी निवृत्त होणाऱ्या बाईला हे विचारायचं, धन्य आमच्या साहेबांची!) मी अर्थातच काळ्या पडद्याच्या बाजूची. तुझी चित्रं बघून आधीच धक्का बसला होता. पुस्तक शोधायला भिंग? अरे, भिंग मला वाचायला लागतं! मग काल सगळ्यांदेखत शर्यत लागली, मी विरुद्ध नवी सहायक. मी सात कळा खटाखट दाबल्या, कपाटातून पुस्तक काढलं, धूळ झटकून परत आले, तरी ती पोरगी माऊस घासतच होती. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "ताई, हिलाही तेवढ्या सात कळा सांगून ठेवा."

आणि बाबा रे, मला एकही सांगता येईना! सव्वीस वर्षं जे करतेय ते मला येतच नव्हतं, नुसतं बोटांना येत होतं! हात कीबोर्डावर ठेवले की बरोब्बर, उचलले की शून्य. मुद्दाम बोटांकडे बघत टाइप केलं, तर बोटंही गांगरली. पोरगी बिचारी वही उघडून ताटकळली. माझ्यामागे तिने काय माझी बोटं मागून घ्यायची? मला फार वाईट वाटलं. सही केली, तुझ्या चित्रांवर.

तुझी,
ताई

ता. क. एक काम कर. त्या चित्रांमागे माझ्यापुरता छोटासा काळा पडदा ठेव, तीनच महिने. ‘मदत’ लिहिलंय त्या चित्राखाली लपव. तिथे जन्मात कुणी बोट ठेवत नाही.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी खात्री म्हणून ‘मदत’ दाबून पाहिलं. एकच ओळ निघाली: ‘अडचण आल्यास देवघेवीच्या टेबलावरच्या ताईंना विचारा.’ गाढवा, तीन महिन्यांनी त्या टेबलावर कोण असणार आहे? पडद्याचं राहू दे. ही ओळ मात्र एवढ्यात काढू नकोस.