सुगंधाला वास चालत नाही

मालाड (पश्चिम)
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

सौ. सुगंधास,

नवऱ्याने बायकोला पत्रात आशीर्वाद लिहायचे, अशी जुनी रीत आहे म्हणे. सध्या आशीर्वाद देण्याच्या परिस्थितीत मी नाही, तेव्हा नुसता नमस्कार. तुझ्या दादाला, प्रेमाला आणि निमेशच्या नव्या नवरीलाही सांग. इकडे सगळं ठीक आहे. पाणी वेळेवर येतं, तुळस जिवंत आहे, गाळ्यावर काम चालू आहे.

आधी एक हिशोब. लहान मुलांच्या त्या शाम्पूच्या बाटलीवर दोनशे दहा रुपये छापले होते. खरी पडली ती अशी: तुझी नऊ रात्रींची झोप, उशीचे दोन अभ्रे, निमेशची हळद, जिथे सख्खी आत्या असून तू डोक्यावर पदर घेऊन आतल्या खोलीत बसून राहिलीस, आणि पुढे जिन्यात मी बोललो ते एक वाक्य. त्या वाक्याचं नंतर बघू.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. मग म्हटलं पत्र लिहू. प्रेमा रोज सकाळी इथल्या मासळी बाजारात बसतेच, वहिनी नणंदेला देईल. टोपलीत कागदाला बांगड्याचा वास लागला तरी तुला चालतो, हे मला आता कळलंय. उशिरा कळलं, पण कळलं.

तू गेल्याला आज बावीस दिवस झाले. आठव्या दिवशीच प्रेमा म्हणाली, "वन्संचं डोकं थंड झालं. मानेवरचे चट्टे गेले. खाजवताना बघितलं नाही मी त्यांना." मी म्हटलं, वा, छान. आणि कोलंबी न घेताच घरी आलो.

खरं सांगू, मला तुझ्या खाजवण्याचा आवाज पाठ झाला होता. माझे कान तुला माहीत आहेत. शंभर बाटल्या पट्ट्यावरून जाऊ देत, एकीचं बूच तिरकं बसलं तर मी पाठ करून उभा असलो तरी सांगतो, थांबवा. धंदा मी कानांवरच उभा केला. पिशवीत तेलाच्या बाटल्या घालून पार्लर ते पार्लर फिरायचो तेव्हा मालकिणीशी बोलायचो कमी, खुर्चीतल्या बायका काय बोलतात ते ऐकायचो जास्त. चिकट नको, वास राहिला पाहिजे, नवऱ्याने विचारलं पाहिजे कुठलं लावलंस. ते ऐकलं आणि तेच केलं. बाईच्या तोंडून शब्द निघाला आणि मला ऐकू आला नाही असं आजवर झालं नाही, हे मी चारचौघांत शंभर वेळा सांगितलंय. तूही ऐकलंयस, शेजारी उभी राहून.

जरा उठून आलो. चहा टाकला होता, उतू गेला.

तर दोन वर्षं तुझं डोकं पेटलं होतं, कानांच्या मागे सालं निघत होती, पापण्या सुजत होत्या, आणि मी घरातला तज्ज्ञ. मी काय काय केलं ते एकदा ओळीने लिहून काढलं आणि माझं मलाच हसू आलं, मग आलं नाही. लहान मुलांचं म्हणजे सौम्य, म्हणून तो शाम्पू आणला. त्याला जो बाळाचा गोड वास येतो तो बाळाचा नसतो, कारखान्यातला असतो, हे मला, या धंद्यातल्या माणसाला, सुचू नये? मग म्हटलं, आपलं जुनं ते सोनं. शिकेकाई आणली, तीही साधी नव्हे, गवला कचोरा, नागरमोथा अशी सुवासिक द्रव्यं घातलेली. झाडपाल्याचं, म्हणजे बाधणार नाही. दुसऱ्या दिवशी तुझे डोळे उघडेनात. मग रिठा, केसांचा काथ्या झाला. मग बेसन. तेव्हा मी म्हणालो होतो, "आता फक्त कांदा चिरायचा राहिला, भजी तयार." तू हसली नव्हतीस.

आणि या प्रत्येक प्रयोगानंतर, डोकं थंड व्हावं म्हणून, मी स्वतःच्या हाताने तुझ्या टाळूवर आपलं चंद्रगंधा तेल जिरवत होतो. आग विझवायला बादली आणायची आणि वरून रॉकेल ओतायचं. वर विचारायचं, "बरं वाटतंय ना?" तू म्हणायचीस, "हो."

मग कांदिवलीच्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्या पाठीवर ते चिकटपट्टीचे चौकोन लावले. दोन दिवस आंघोळ नाही, मग बघायचं, आणखी दोन दिवसांनी परत बघायचं. वासाच्या खान्यात लालभडक चट्टा. त्या सरळ म्हणाल्या, "यांना सुगंध चालत नाही. अत्तर, फुलांचा अर्क, सुगंधी मुळ्या, काहीच नाही. वास न घातलेलं सौम्य काहीतरी वापरा, कोमट पाण्याने धुवा, नखं लावू नका. नवीन काहीही आणलं तर आधी कानामागे लावून दोन-तीन दिवस थांबा." मी मोठ्याने हसलो. "डॉक्टर, हिचं नावच सुगंधा आहे!" त्या हसल्या नाहीत. त्यांनी हातातल्या कागदाकडे बघितलं, मग तुझ्याकडे.

कानामागे लावून बघा म्हणाल्या. मी इतकी वर्षं कानामागे टाकत आलो. मराठीत दोन्हीला एकच जागा दिलीय, बघ.

आता ते वाक्य. घरी येताना जिन्यात तू एवढंच विचारलंस, "आता?" एकच शब्द. मला तो असा ऐकू आला: आता तुझ्या धंद्याचं काय, बाटलीवर माझा फोटो आहे त्याचं काय, गेल्या बावीस वर्षांचं काय. तू तेवढं म्हणाली नव्हतीस. आणि मी म्हणालो, "जा मग, जन्मभर बोंबलांच्या वासात राहा." तू वर आलीस, पिशवी भरलीस आणि गेलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी स्वस्थ बसलेलो नाही. गाळ्याच्या मागच्या खोलीत तुझ्यासाठी बिनवासाचं काहीतरी करायला घेतलं. खोटं का बोलू, पहिल्या दिवशी माझ्या डोक्यात बाटलीच्या आधी लेबल आलं. नाजूक त्वचेसाठी, वगैरे. दोन हजार बाटल्यांचा विचारसुद्धा करून झाला. सवय, दुसरं काय. पॅकिंग बघणाऱ्या उत्तराला नमुना हुंगायला दिला, ती म्हणाली, "काही येत नाही, सर." मी खूश. लेबल कागदावर काढलं आणि नमुना घेऊन थेट बाजारात प्रेमासमोर उभा राहिलो.

"प्रेमा, हे हुंग."

तिने हात पुसले, बाटली नाकाशी धरली. "गुलाब."

"नाही गं, यात काही घातलेलंच नाही."

"भावोजी, मग तुमच्या शर्टाला येतोय. हाताला येतोय. मिशीला पण येतोय. तिकडे सरका जरा, गिऱ्हाईक म्हणेल पापलेटाला अत्तर लावलं."

शेजारची म्हातारी म्हणाली, "लग्नाला चाललाय काय गं तुझा पावणा?" सगळी रांग हसली.

दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने आंघोळ केली, नवा धुतलेला सदरा घातला, बाटली प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेली. परत तेच. "कमी आहे, पण आहे." मग ज्याच्याकडून साबणाचं मूळ पाणी घेतो त्याला फोन लावला. तो थंडपणे म्हणाला, "शेठ, त्याला मूळचा वाईट वास असतो, तो मारायला आम्ही थोडं वासाचं कंपाउंड टाकतोच." म्हणजे वास येत नाही आणि वास घातलेला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीस वर्षांहून जास्त या धंद्यात आहे, आणि हे मला मासे विकणाऱ्या बाईच्या नाकाने शिकवलं. माझ्या गाळ्यातल्या अकरा जणांपैकी कोणाला आता कसलाच वास येत नाही. मलाही नाही. मी लेबल फाडून टाकलं.

मग प्रेमालाच विचारलं, तिकडे ती डोकं कशाने धुते? म्हणाली, डॉक्टरांनी लिहून दिलेली साधी पांढरी बाटली, अर्धा चमचा मगभर पाण्यात कालवून, बोटांच्या पेरांनी हळू, आठवड्यातून दोनदा. मध्ये एकदा तू परसातल्या जास्वंदीची पानं चुरून त्यांचा गर लावायचा विचार केलास, पण आधी तीन दिवस कानामागे लावून बघितलास आणि मगच डोक्याला लावलास. एवढंच. मी इथे खोलीभर डबे मांडून बसलोय.

बाहेर तुमच्या दारात बांबूंवर बोंबील वाळतायत, वाऱ्याला तोच वास, आणि त्यात तुझं डोकं शांत आहे. माझ्या गुलाबात पेटतं. मी यावर पुष्कळ विचार केला आणि दरवेळी विचार त्याच एका ठिकाणी जाऊन अडतो, जिथे जायची मला इच्छा नाही.

आपलं लग्न. तांदळाचं ताट, हातात अंगठी. आदल्या दिवशी माझी आई मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "पोरगी बरी आसा, पण घरात माशाचो वास येतलो." आई, जिच्या घशाखाली माशाशिवाय घास उतरत नसे! मालवणच्या माणसाला मासा ताटात हवा, विकणारीच्या अंगाला आलेला नको. मी हसलो आणि म्हणालो, "थांब, उपाय करतो." तांदळात अंगठीने लिहिलं, सुगंधा. मंडपात सगळे वा वा म्हणाले. आईला कळलं. तुझ्या आईला पण कळलं असणार, ती खाली बघत होती. पुढे प्रत्येक डीलरच्या मीटिंगला मी हे रंगवून सांगितलं, नाव आधी ठेवलं, बाटली नंतर आली. वासाचा भाग गाळून. तू शेजारी उभी राहून हसायचीस. तुला नाव आवडलं का, हे एकोणतीस वर्षांत विचारलं नाही. उत्तर काय येईल याचा अंदाज होता म्हणून असेल.

धंदा मी बंद करत नाही. केला असता असं लिहिलं तर तुला पटणार नाही, आणि अकरा घरं त्यावर आहेत. पण बाटलीवरचा तुझा फोटो काढायला सांगितलाय. घरातल्या कपाटातले सगळे नमुने गाळ्यावर गेले. पडदे, चादरी साध्या साबणाने दोनदा धुतल्या. देवापुढे फक्त दिवा, अगरबत्ती नाही, देवाने अजून तक्रार केलेली नाही. गाळ्यावरच आंघोळ करून कपडे बदलून घरी येतो. घराला वास येतो की नाही हे माझ्या नाकाला सांगता येत नाही, म्हणून काल प्रेमाला वर बोलावून खोल्या हुंगायला लावल्या. ती म्हणाली, "बेडरूमच्या कपाटात अजून आहे." लाकडात मुरलाय. कपाट विकतोय.

रविवारी खारदांड्याला येतो. आत येणार नाही. बोंबलांच्या बांबूंपाशी उभा राहीन, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. तू बाहेर आलीस तर बोलू. नाही आलीस तर दादाकडून पाव किलो सुके घेऊन परत जाईन. "घरी चल" असं मी म्हणणार नाही. म्हणावंसं वाटतंय, हे मात्र खरं आहे.

पाकिटावर नाव घातलेलं नाही. विसरलो नाही. प्रेमाला ठाऊक आहे कोणाला द्यायचं. त्याचं कारण लिहितो आणि संपवतो, हे लिहायला सकाळपासून बसलोय.

त्या दिवशी दवाखान्यात आपण बाकावर बसलो होतो. आतून मुलगी आली, हाक मारली, "हेमांगी!" कोणी उठलं नाही. तिने परत हाक मारली. तू उठायला लागलीस तर मी मनगट धरून तुला खाली बसवलं. "बस गं, आपला नंबर नाही." तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा तू माझा हात सोडवलास आणि एकटी आत गेलीस. मी आत आलो तो नंतर, कारण आधी काउंटरवर जाऊन भांडत होतो, पेशंटचं नाव चुकीचं लिहिलंय म्हणून. ती मुलगी म्हणाली, "काका, मॅडमनी स्वतः लिहून दिलंय."

तू हे कधी काढलं नाहीस. गर्दीत यांना नीट ऐकू आलं नसेल, असं तुला वाटलं असेल तर तसं नाही. तिन्ही हाका मला स्वच्छ ऐकू आल्या. नाव कोणाचं, ते आठवलं नाही.

चंद्रप्रकाश