वेणीतला गहू

प्रिय चिमणे,

तुझं पत्र काल आलं. शेजारच्या मास्तरणीकडून दोनदा वाचून घेतलं, मग चष्मा लावून स्वतःच एकेक अक्षर लावत बसले. तिकडे दूध उतू गेलं. जाऊ दे मेलं! माझ्या वाकड्या अक्षराला हसू नकोस.

तुझ्या प्रयोगशाळेतलं मला काय कळणार? पण एवढं डोक्यात शिरलं, की शेणखताच्या गव्हात नत्र जरा जड असतं आणि खाणाऱ्याच्या केसात ते तसंच उतरतं. तुमच्या बाजारचा गहू पांढऱ्या खताचा, युरियाचा, तो हलका. मांसमच्छी खाणाऱ्याचाही केस जड निघतो म्हणतेस, पण तुझी आई अंड्याच्या वासानेही उठून जायची. लहानपणी शेणखताची पाटी डोक्यावर घेऊन माझ्यामागे शेतात यायची, नाक दाबून. आपण हेच खायचं होय गं, म्हणून चिडवायची.

लग्नावरून आमचं बिनसलं आणि तिने बोलणं टाकलं. मी आपली दरवर्षी सुगी झाली की गव्हाचं पोतं धाडायचे. पोचलं, एवढंही कधी कळवलं नाही पठ्ठीने. कुणीसं सांगत आलं, पोतं दारातच पडून असतं, पाखरं टिपतात. मग तू पाळण्यात असताना ती आजारी पडली. इस्पितळात केस उतरवले, ती वेणी तुझ्या बाबांनी मला पाठवली. ती गेली आणि मी पोतं धाडणं सोडलं.

तेव्हापासून दिवेलागणीला धान्याच्या कोठीचं झाकण वाजतं. उंदीर म्हणावं, तर मांजर नुसती तिकडे बघत बसते. मला वाटायचं, उपाशी गेली पोर, अजून शोधतेय. मी तिकडे पाठ करून बसायचे.

आणि तू लिहितेस, मी तुला तपासायला धाडलेली ती वेणी टोकापासून मुळापर्यंत जड, अगदी सोबतच्या माझ्या केसासारखी! म्हणजे शेवटपर्यंत खात होती गं. रुसून का होईना, माझंच खात होती. काल झाकण वाजलं तेव्हा उठून मीच ते उघडून ठेवलं. घे म्हटलं बाई, हवं तेवढं.

आता लिहायचं कारण. या पत्रामागून एक पोतं येतंय, निवडून, ऊन दाखवून भरलेलं. ते तुझं. पत्राला उत्तर लिहायला वेळ नाही झाला तर राहू दे. वर्षभर खा आणि मग तुझा एक केस धाड. तुझ्या आईनेही तसंच कळवलं, नाही का?

तुझीच,
पोतंवाली आजी