आतून लावायची कडी

मी, निवृत्त परिचारिका, वय वर्षे अडुसष्ट, पूर्ण शुद्धीवर आहे आणि रागातही आहे. राग म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, हे खाली सही करणाऱ्या डॉक्टरांना मान्य आहे. हा कागद मी कोणाच्या दबावाखाली लिहिलेला नाही; दबावाखाली फक्त आयुष्य काढले. याआधीचे मृत्युपत्र नाही, लिहायला फुरसत नव्हती.

१. माझ्या घरातली एक वीटही भावाला मिळू नये. आई अंथरुणाला खिळली तेव्हा हॉस्पिटलची ड्युटी संपवून घरची ड्युटी मी नऊ वर्षे केली. हा महिन्यातून एकदा फळे घेऊन येई आणि बूट न काढता दारातूनच म्हणे, "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त. खंबीर आहेस तू." माझे 'सेवाभावी परिचारिका' हे फ्रेम केलेले प्रमाणपत्र त्याच्या पलंगासमोर टांगावे. आता तोच अंथरुणावर आहे, वाचायला वेळ भरपूर आहे.

२. हॉस्पिटलने 'स्वतःची काळजी कशी घ्याल' असे व्याख्यान ठेवले होते. माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, हजेरी सक्तीची. तिथे वाटलेले पत्रक त्यांना साभार परत करावे.

३. बेडपॅन भावाच्या थोरल्या मुलाला. नाकाला लावायचा रुमाल त्याचा त्याने आणावा. बी.पी.चे मशीन धाकट्याला. दोघांनी वापर करून दाखवल्यावरच पोच घ्यावी.

४. हे कोणाला सांगितलेले नाही. आईच्या दुखण्याच्या आठव्या वर्षी एका सकाळी तिची चादर बदलताना मी म्हणाले, "चार नंबर, कूस बदला." वॉर्डात खाटेच्या नंबरने म्हणायचे तसे. आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो, सिस्टर." जाईपर्यंत तिने मला सिस्टरच म्हटले. भाऊ सांगत फिरतो की शेवटी आईला माणसे ओळखू येत नव्हती. साफ खोटे. तिने मला अगदी बरोबर ओळखले होते. मी पार थकले होते, पण बोलले नाही. खंबीर होते ना.

५. घर भावाच्या मुलीला, माझ्या भाचीला. बापाचे सगळे तीच करते आणि तो म्हणतो, "आत्यावर गेलीय. खंबीर आहे." मेल्या, पुरे कर! अट एकच: दर बुधवारी सकाळी तिने या घरात येऊन आतून कडी लावावी. झोपावे, लोळावे, संध्याकाळपर्यंत फोन उचलू नये. त्या दिवशी बापाजवळ दोन्ही मुलांनी आळीपाळीने बसावे. ते आले नाहीत तर पगारी मदतनीस बोलवावी. माझी सगळी शिल्लक त्यासाठीच आहे.

परवा ती म्हणाली, "आत्या, मला नाही जमणार. बाबा हाका मारतील गं."

मारू देत. ती अजून त्याला बाबा म्हणते. तो शब्द तिच्या तोंडी टिकावा, एवढ्यासाठी हा कागद केला.

साक्षीदार:
१. डॉक्टर (तपासले, शुद्धीवर आहेत, रागाबद्दलही खात्री आहे)
२. सुतार (कडी आजच बसवली, आतून लावून पाहिली)

ठिकाण: राहते घर
वार: बुधवार
सही: आत्या, सिस्टर नव्हे