साडेचार फूट जास्तीची जमीन

मंगळवार, १२ मार्च

चि. बुटकीस,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमीच. तुझी तब्येत कशी आहे? नुसतं विचारायचं म्हणून विचारत नाही. खरं खरं कळव.

शेत तुझ्या नावे लिहून ठेवायचं ठरवलं. मला मूलबाळ नाही, आणि लग्नाआधी तूही या मातीत माझ्याइतकीच राबलीस. वकील म्हणाले, मृत्युपत्रात लांबीरुंदी अचूक हवी. म्हणून गुरुवारी मोजणीवाला आला. ओढ्यापासून रस्त्यापर्यंत त्याने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा साडेचार फूट जास्त.

"आजोबा, जुना आकडा तुमचाच चुकला असेल. शाळेत कुठवर गेलात?"

"चौथीपर्यंत. पण मोजायला दुसरीतच शिकवतात."

तो हसला. मग ओढ्याकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि त्याचं हसू मावळलं. चहा न घेताच गेला. खुंट्या तशाच आहेत.

तिथे नवी पट्टी आलीय. माती चाळून टाकल्यासारखी भुसभुशीत. तण नाही, मुंगीसुद्धा नाही. भर दुपारी हात लावला तर गार.

आता जे टाळत होतो ते लिहितो. बाबा जायच्या आधी शेत सहा फुटांनी वाढलं होतं. दोरी जुनी झाली असेल म्हणून मी नवी आणली. पुढे आईच्या वेळी पाच फूट दोन इंच वाढलं, तेव्हा मला कळलं. दोन महिने आधी. तू पत्रांतून विचारायचीस, "दादा, आई कशी आहे? येऊ का?" आणि मी लिहायचो, ठणठणीत आहे, मुलांच्या परीक्षा होऊ देत, मग ये. वाटायचं, बोललोच नाही तर होणार नाही. तू आलीस तेव्हा अंगणात चपलाच चपला होत्या. मला एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

काल दुपारी मी त्या पट्टीत आडवा झालो. म्हटलं, म्हातारपणी माणूस आखडतो, माझंच माप असेल. डोकं ओढ्याच्या काठाला टेकवलं, पाय सरळ केले. अर्ध्या नडगीपासून पाय जुन्या शेतात गेले. कितीदा तरी करून पाहिलं. मला त्यात मावायचं होतं गं.

आपल्या घरात साडेचार फुटांचं माणूस एकच आहे.

मी कागदावर तुझं नाव घातलं म्हणून तर जमिनीने तुला मोजलं नाही ना? वकिलांना थांबवलंय. तू मात्र थांबू नकोस. आजच डॉक्टरांना दाखव. हसायचं तर हस, पण दाखव.

उत्तराच्या चार ओळी पुरेत, पण तुझ्या हातच्या हव्यात. भाच्याला लिहायला लावू नकोस. पाकिटावर त्याचं अक्षर दिसलं तर मी ते फोडणार नाही.

या वेळी तरी आधी बोललेला,
तुझा दादा