चौतीस नियमांचा सुनिल

१९ जानेवारी २००८

तीर्थरूप वच्छलाआत्यास दुर्गाचा कोपरापासून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? म्हैस व्याली का? (फोन केला असता, पण बाबा शेजारून हलत नाहीत.)

बाबांनी तुला तुमच्या चामोर्शीच्या सुनिलची चौकशी करायला सांगितली आहे आणि तुझा शब्द शेवटचा, असंही ठरवून टाकलंय. पण चौकशी तर मी सहा महिने करते आहे! हा मनुष्य इंटरनेटवर (म्हणजे न भेटता भांडायची सोय) झाडीपट्टीतल्या नाटकवेड्यांचा ग्रुप चालवतो. ग्रुप त्यानेच काढला, चौतीस नियमही त्यानेच काढले. रोज सकाळी हजेरी. त्याच्या गावच्या नाटकाला नावं ठेवली की बाहेर! मी मूलच्या शहबाजभाईंच्या कॅफेत बसून तिथे जंगू नावाने लिहिते. (बाईच्या नावाने लिहिलं की नाटक राहतं बाजूला.) जंगूला त्याने तीनदा हाकललं आणि तीनदा परत घेतलं, कारण मग भांडायला कुणी उरत नाही.

यंदा त्याने आमच्या गावच्या शंकरपटात, बैलांच्या शर्यतींच्या ऐन गर्दीत, सभासदांचा मेळावा ठेवला. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, म्हणून फर्मान निघालं की ओळखीसाठी खांद्यावर पांढरा दुपट्टा टाकून यावं. आत्या, शंकरपटात! तिथे बैल सोडले तर कुणाच्या खांद्यावर पांढरा दुपट्टा नसतो? बिचाऱ्याने सकाळपासून शंभरेक अनोळखी लोकांचे हात हातात घेतले, त्यात आमचे बाबा सापडले. पटाच्या दिवसांत पोरगी पाहायला पाहुणे येतातच. चामोर्शीचा बिनलग्नाचा मुलगा इतक्या प्रेमाने हात धरतो म्हटल्यावर बाबांनी त्याला थेट घरी आणलं.

मी पोहे घेऊन गेले तर स्वारी उभी राहून भाषण करत होती, "इथी माह्यं ऐकाच लागते. ज्याले पटत नाई त्यानं निघावं!" बाबा खूश, जावई करारी आहे म्हणून. आई घाबरली. पुढे म्हणतो, "एक जंगू हाये, त्यानं मले जीव नकोसा केला. पण तो नसला का करमतच नाई." माझ्या हातून बशीच सुटली. हा भाषण टाकून खाटेखाली शेंगदाणे वेचायला लागला. आईने विचारलं, "पोरगी पसंत हाये का?" तेव्हा कुठे त्याला उमगलं की हा मेळावा नाही. कानापर्यंत लाल झाला, "हो" म्हणाला आणि चपला न घालताच पळाला.

तर असा हा पुढारी. हेकट, फुशारकीखोर, मतदान घेतो आणि निकाल स्वतःच लावतो, चूक कबूल करायला दोन पानं लागतात. अशा माणसाच्या घरात कुणी सुखी होईल का, तूच सांग.

तुझी,
दुर्गा

ता. क. बाबांना लगेच 'होय' कळव. मला तो फार फार आवडला आहे. चपला मी लपवून ठेवल्यात.

आणखी एक. काल त्याने ग्रुपवर विचारलं, एक मुलगी पाहिली, तिला मी चालेन का, सर्वांनी मत द्यावं. दोनशे बारा सभासदांत एकट्या जंगूने लिहिलं, "चालशील. लवकर मागणी घाल." खासगी बाबतीत नाक खुपसलं म्हणून त्याने जंगूला चौथ्यांदा काढलं. आता तिथे माझ्या बाजूने बोलणारं कुणीच नाही गं. तू बोल.